राखलेली ओळ

आमच्या बँडचा एक नियम माझ्या आज्ज्यापासून चालत आलाय. नवरी सासरी निघाली की ढोल-ताशा गप्प. एकटी क्लॅरोनेट पाठवणीचं गाणं वाजवते आणि शेवटची ओळ राखून ठेवते. पोरगी पहिल्यांदा माहेरी आली की तिच्या दारात जाऊन ती ओळ वाजवायची, तेव्हा गाणं पुरं होतं. पेठ वडगावपासून शिरोळपर्यंत कुठल्याही जुन्या घरात गैबी मास्तर म्हणून विचारा, चहा पाजतील.

माझी सुहाना मात्र लग्न करून नाही, गायला म्हणून पुण्याला निघाली. तिचा मामा खिजर एसटी स्टँडवर सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजी, बिनलग्नाची पोरगी गिटारवाल्यांच्यात धाडताय व्हय?"

माझं डोकं सटकलं. काखेतली पेटी उघडली, क्लॅरोनेट काढली आणि भर स्टँडवर पाठवणी वाजवली. शेवटची ओळ सोडून. कंडक्टरनेही घंटी मारायची थांबवली होती.

"अल्बम झाल्याबिगर येत न्हाय, अब्बा!" सुहाना खिडकीतून ओरडली. हट्ट माझाच उचललाय तिनं. खरंच आली नाही. तोंड बघायचं तर मीच पुण्याला जायचो.

यंदा अल्बम आला. दोन गाणी तिची, बाकी सगळी जुनी, ज्यांच्यावर मी उभा जन्म वराती काढल्या तीच. पण काय गायलीय पोरगी! ज्या गाण्यावर नवरदेवाचे दोस्त चपला हरवेपर्यंत नाचायचे, ते तिनं इतकं सावकाश घेतलंय की त्यात एवढं दुःख होतं हे मला या वयात कळलं. मग गिटार कडाडते आणि तिचा तो घोगरा आवाज बेंबीच्या देठापासून वर येतो. छाती फुटेल इतका अभिमान वाटला मला.

खिजरनं अल्बम ऐकून माझा मोबाईल परत दिला. "सगळी लोकांचीच गाणी की. ह्यात पोरीचं काय?"

"वरात बी लोकांचीच असती, खिजर. पर चालती माज्या सुरावर!"

"आणि शेवटचं तर मधीच तोडलंय."

ते पाठवणीचं गाणं होतं. एक ओळ कमी. ती कुणासाठी राखलीय हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

पंचाईत एकच होती. पुढचे दात पडल्यापासून माझं वाजवणं बंद होतं. कवळी लावून फुंकलं की सूर कमी आणि वारा जास्त. तरी सराव केला. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

कोल्हापुरातल्या कार्यक्रमाला सुहाना पुण्याहून आली ती थेट स्टेजवरच. हॉल गच्च भरलेला. शेवटच्या गाण्यात ड्रम थांबला, गिटार थांबली. ती एकटी गात राहिली आणि शेवटच्या ओळीआधी गप्प झाली.

"माईक गेला काय?" मागून कुणी ओरडलं. खिजर पुटपुटला, "विसरली वाटतं." ती मात्र खुर्च्यांमध्ये कुणाला तरी शोधत होती.

मी उठलो. मांडीवरच्या पेटीतून क्लॅरोनेट काढली. माझा सूर फाटला तर उद्या गाव हसणार, आणि तेही माझ्या पोरीला. पण दारात आलेल्या लेकीला मी कधी तसंच उभं ठेवलेलं नाही. फुंकलं. नुसता वारा निघाला. दोघेतिघे हसले. पुन्हा फुंकलं आणि सूर लागला. ओळ उमटत गेली. अगदी शेवटच्या सुराला माझा दम संपला, तेवढ्यात तो तिनं उचलला आणि असा धरला, की मला ऐन तारुण्यातही तेवढा धरता आला नव्हता.

"आलो की, अब्बा," ती माईकमध्येच म्हणाली. सगळा हॉल उभा राहिला.

खिजर रुमालानं डोळे पुसत होता. "गाणं कुणाचं का असंना दाजी, पोरगी आपली हाय."

"आपली न्हवं," मी म्हणालो. "माजी."