टेकडीवर नेऊन ठेवलेली शिळा

मित्रांनो, १९५८ साली सरकारी माणसं साखळ्या घेऊन आमच्या टेकडीवर जमिनी मोजायला आली, तेव्हाची ही गोष्ट आहे. मी एक जुनी दळणाची शिळा आहे. सांगताना मला लाज वाटते, पण आता सांगायलाच हवं.

माझा जन्म रामोगीच्या डोंगरात झाला. कोलुवा कुळातले पुरुष सांगतात की त्यांचे पूर्वज उत्तरेकडून, मोठ्या नदीच्या काठाकाठाने, गुरांमागे चालत आले आणि भाल्याच्या टोकाने जमीन मिळवली. खरं असेल. पण रामोगीहून मोठ्या सरोवराचं आखात ओलांडताना मला मांडीशी धरून होडीत बसली होती ती एक सून. पुढे जिथे जिथे नवं घर मांडलं, तिथे मला कुणा ना कुणा सुनेनेच डोक्यावरून नेलं. पाच पिढ्यांच्या बायकांनी माझ्यावर नाचणी आणि ज्वारी दळली. दळता दळता माझ्या पाठीला खळगा पडला. हिच्यावरचं पीठ मऊ, असं पाहुणे म्हणत. शेवटची दळणारी न्यार-सेमे, म्हणजे सेमेकडची लेक. मग बाजारात गिरणी आली आणि मी गोठ्यामागे पडून राहिले.

टेकडीच्या वरच्या अंगाला अबुतो नावाची विधवा राहायची. तिच्या सासरचं कूळ वेगळं, पण कोलुवांच्याही आधी तिथे आलेलं. घराच्या उजवीकडे तिच्या नवऱ्याचं थडगं होतं आणि डावीकडची जागा तिने स्वतःसाठी राखली होती. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईला माहेरच्या मातीत जागा नसते. ही जमीन गेली तर अबुतोला मेल्यावरही घर नव्हतं.

मोजणी जवळ आली तसा न्यार-सेमेचा मुलगा ओगुतू सांगू लागला की ते आमचंच जुनं घरठाण, अबुतोच्या सासऱ्याला आम्ही आसरा दिला होता. त्याला पुरावा हवा होता. बाजाराच्या दिवशी अबुतो मासे घ्यायला गेली, तेव्हा तो आणि त्याचा भाऊ मला उचलून वर घेऊन गेले. तिच्या शेराच्या कुंपणाजवळ गवतावर ठेवलं आणि भोवती माती लोटली.

तिसऱ्या दिवशी वडीलधारे जमले. शेजारच्या कुळातल्या म्हाताऱ्या मगाकने माझ्या खळग्यात हात फिरवला. असा खळगा एका जन्मात पडत नाही, तो म्हणाला, कोलुवांच्या बायका इथे फार पूर्वीपासून दळत असणार. खळगा खरा होता, मित्रांनो. जागा खोटी होती.

अबुतो काठी टेकत पुढे आली.

"शिळेला पाय फुटले का रे ओगुतू? की कोंबड्यांनी ओढत आणली?"

लोक हसले. मग ती म्हणाली, "उचलून बघा. खालचं गवत अजून हिरवं असेल."

हिरवंच होतं. माझ्या पोटाला त्याचा ओलावा लागत होता.

मगाक म्हणाला की दळणाच्या शिळेला पुरुषाने हात लावू नये, घरच्या बाईने उचलावी. दोनच दिवसांपूर्वी मला आणणारे चारही हात पुरुषांचे होते. सगळे न्यार-सेमेकडे बघू लागले.

"तू उचल गं," अबुतो तिला म्हणाली. "जन्मभर एकाच ओढ्यावर पाणी भरलंय आपण."

न्यार-सेमे वाकली. तिची बोटं माझ्या कडेखाली गेली. तिने मुलाकडे पाहिलं आणि कंबर सरळ केली.

"शिळा माझ्या सासूचीच आहे. पण या वयात मला ओझं उचलवत नाही."

पाण्याचं भरलेलं मडकं ती रोज डोक्यावरून आणायची.

जमीन ओगुतूच्या नावावर लागली. अबुतो सरोवराकाठी भावाकडे गेली आणि तीन वर्षांनी वारली. भावाने तिला कुंपणाबाहेर पुरलं. मगाक मरेपर्यंत आपल्या न्यायाच्या गोष्टी सांगत राहिला. ओगुतूने टेकडीवर पत्र्याचं घर बांधलं, अबुतोच्या नवऱ्याच्या थडग्यावर मका पेरला, आणि पुढे बांधावरून सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं. न्यार-सेमे त्या घरात कधी राहायला आली नाही. मरण्याआधी एकदा एकटीच वर आली, माझ्यावर मूठभर नाचणी टाकून तळहाताने चोळत बसली, आणि ती तशीच सोडून गेली.

मी अजून तिथेच आहे. मास्तर मुलांना घेऊन येतात, माझा खळगा दाखवतात आणि आपलं कूळ इथे सगळ्यांत आधी आलं असं सांगतात. मुलं वहीत लिहून घेतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. पण त्यांच्याबद्दल जे सांगितलं जातं, ते शेजाऱ्यालाही एकदा विचारून घ्या. मी दगड होते, मला बोलता येत नव्हतं, असं मी स्वतःला समजावते. तुम्हाला बोलता येतं.