रंभाताईंच्या खडकावरचे शेवाळ

मित्रांनो, मी समुद्री शेवाळाची एक जुनी, वाळलेली डहाळी आहे. पनवेलच्या एका कॉलेजच्या कपाटात, जाड कागदाला चिकटून मी राहते.

मी वाढले मोरा बंदराजवळच्या खडकावर. भरती आली की पाण्यात डुलायची, ओहोटीत आडवी पडायची. माझ्या आडोशाला माशांची, खेकड्यांची पिल्ले लपत.

१९९५ साली त्या खडकांवर भराव घालायचे ठरले. तिथे शिंपल्यांतली कालवे काढून विकणाऱ्या रंभाताई हादरल्या. त्यांनी पनवेल गाठले. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या वसुंधराबाई त्यांच्या नेहमीच्या गिऱ्हाईक होत्या.

"बाई, सायेब म्हनतान नुसता खडक हाय. तुमी येऊन बगा."

बाई आल्या. गुडघाभर पाण्यात उभ्या राहून त्यांनी मला अलगद सोडवले. मला दुखले, खोटे कशाला बोलू? मग परातीतल्या पाण्यात पसरून त्यांनी मला कागदावर घेतले आणि जाड पुस्तकांखाली दाबून वाळवले. चिठ्ठीवर 'शोधणारी' या शब्दापुढे नाव लिहिले ते रंभाताईंचे.

भरावावर हरकत घेतल्यावर पनवेलच्या सरकारी कचेरीत सुनावणी झाली. बाईंनी मला टेबलावर ठेवले आणि शेजारी एका कराराची प्रत. तीन वर्षांपूर्वी देशोदेशींनी मिळून सजीव आणि त्यांची घरे जपायचे ठरवले होते. भारतही त्यात सामील होता.

"हे जंगलाबद्दल असेल, मॅडम," अधिकारी म्हणाले.

"समुद्राचाही उल्लेख आहे, साहेब. ही ओळ वाचा."

त्यांनी ती दोनदा वाचली. तेव्हा मागून रंभाताई उठल्या.

"सायेब, उद्या ओहोटीला चला. शेवाळ हातानं बाजूला करा, नि मंग काय ते सांगा."

साहेब खरेच गेले. पँट दुमडून खडकावर वाकले. शेवाळाखालून बोटभर पिल्ले सैरावैरा पळाली, तसे ते लहान मुलासारखे हसले. हे मी पाहिले नाही. बाई कपाटापाशी उभ्या राहून सांगत होत्या, ते ऐकले.

भरावाची जागा बदलली. उत्तरेकडचे चार खडक मात्र गेलेच. बाकीच्यांवर माझी भावंडे आजही डुलतात.

काही दिवस माझे फार कौतुक झाले. पुढे बाई निवृत्त झाल्या, कपाटाला कुलूप लागले, कसरीने माझी एक कड खाल्ली. त्याचे मला वाईट वाटत नाही.

मित्रांनो, करार दूरदेशी होतात. ते किनाऱ्यापर्यंत आणायला कोणाला तरी पदर खोचून पाण्यात उतरावे लागते. तुम्ही समुद्रावर गेलात तर आम्हाला उपटू नका. पाऊल टाकण्याआधी खाली वाकून पाहा, तिथे कोणाचे तरी घर आहे. आमचे मागणे एवढेच आहे.