गाण्याची फुकट दुरुस्ती

गाण्यांच्या रेकॉर्ड कापून देणाऱ्या तबकडीवाल्याने फोन करून आनंदाची बातमी दिली. "वहिनी, तुमच्या गाण्यातली चूक मी काढून टाकली. फुकटात."

वहिनी त्याच्या नात्यातली कोणी नव्हती. पण तिच्या नि तिच्या नणंदेच्या बँडचंच नाव 'नणंद-भावजय' असल्यामुळे ओळखीपाळखीचे सगळेच तिला वहिनी म्हणत. नाव ऐकून पुष्कळांना हे शिवणकामाचं दुकान वाटे. मग ते गाणं ऐकत आणि कानांत बोटं घालून परत जात.

वहिनी दिवसा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून "ब्रेक! ब्रेक!" ओरडता ओरडता तिचा गळा पंक रॉकच्या आरडाओरड्यासाठी आपोआप तयार झाला होता. नणंद पार्सलच्या गोदामात पॅकिंगला होती. तिथे प्रत्येक टेबलावरचं यंत्र ठरावीक वेळाने 'टिंग' करतं. टिंग व्हायच्या आत खोकं बंद झालं नाही तर लाल दिवा लागतो आणि साहेब येऊन, घरी सगळं ठीक आहे ना, असं मायेने विचारतात. नणंदेने ती टिंग फोनवर पकडून आणली, संगणकावर ताणली, पिळली, तिच्याखाली पोटात घुमणारा ठोका घातला. त्यावर वहिनीने गिटार घेऊन बोंब ठोकली. कधी टिंगच्या आधी, कधी नंतर. टिंगवर एकदाही नाही. गाणं एवढंच होतं.

रॉकच्या तबकड्या काढणाऱ्या कंपन्या म्हणाल्या, यात यंत्र फार आहे. यंत्राच्या संगीताच्या काढणाऱ्या म्हणाल्या, यात बाई फार आहे. तेव्हा दोघींनी पदरमोड करून छोटी तबकडी आपणच काढायचं ठरवलं.

"चूक कसली?" वहिनीने फोनवर विचारलं.

"तुम्ही तालात नव्हता ना. एकेक शब्द संगणकावर ओढून टिंगवर बसवला. डोळे गेले माझे, पण बसला."

"अहो, ते मी मुद्दाम केलं होतं."

"सगळेच तसं म्हणतात हो," तबकडीवाला समजूतदारपणे म्हणाला आणि नमुना पाठवून मोकळा झाला.

नमुना घरी वाजला तेव्हा पहिली दाद नवऱ्याने दिली. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. ओळीत बसलेली कुठलीही गोष्ट त्याला सुंदर वाटे. "वा! आता एकही शब्द ओळीबाहेर आलेला नाही!"

वहिनीने नणंदेकडे पाहिलं.

"रागावू नकोस," नणंद म्हणाली, "पण आता गाणं वाटतंय."

"मग आधी काय वाटत होतं?"

"आधी तू वाटत होतीस."

वहिनीला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. तिचा स्वतःचा पाय खाली ताल देत होता. तिने तो दुसऱ्या पायाने दाबून धरला. "ज्या टिंगला शिव्या घालायला गाणं केलं, तिच्याच मागून मी चाललेय यात. शेपूट हलवत!"

"लोक विकत तरी घेतील ना, वहिनी. नाहीतर खोकी माळ्यावर पडतील."

नवरा म्हणाला की त्याला दोन्ही बाजू पटतात. त्याला कोणी विचारलं नव्हतं. दोघींचा होकार असल्याशिवाय तबकडी निघणार नव्हती, आणि वहिनीचा नव्हता. विषय तिथेच अडला.

दुसऱ्या दिवशी नणंद गोदामातून आली ती चप्पल न काढता सरळ स्वयंपाकघरात शिरली.

"काम करता करता मैत्रिणींना हे तालात बसवलेलं गाणं ऐकवलं. साहेबांना आवडलं."

"बरं मग?"

"फार आवडलं. म्हणाले, बघा कसे हात चालतायत टिंगबरोबर! सगळ्या शिफ्टला लावूया, कामाला वेग येईल. आणि त्या बाईंचा आवाज किती उत्साही आहे!"

"माझी बोंब?"

"तुझी बोंब. उत्साही."

नवऱ्याने हसू गिळलं. बायको आणि बहीण एका बाजूला असताना हसायचं नसतं, एवढं शिक्षण त्याचं घरात पूर्ण झालं होतं.

"उद्या जाऊ तबकडीवाल्याकडे," नणंद म्हणाली. "मूळ गाणंच काढा म्हणून मी बोलते."

तबकडीवाला मात्र अडून बसला. "लोक परत आणतील माझ्याकडे. म्हणतील, बिघडलेली आहे. ताल चुकलाय तुमचा, वहिनी, मान्य करा."

"चुकत नव्हते मी. जुमानत नव्हते."

"बरं, अर्धं बसवू? मधेमधे?"

"आमचे साहेबही आधी अर्धंच मागतात," नणंद म्हणाली. "नको."

"मग निदान पाकिटावर छापा, की हे मुद्दाम आहे."

"ते पण नको," वहिनी म्हणाली. "ज्याला चूक वाटेल त्याला वाटू दे. तुमचं नाव टाकू नका हवं तर. आमचं मोठ्या अक्षरांत टाका."

त्याने निःश्वास सोडला, संगणकावर मूळ गाणं काढलं आणि कोरी तबकडी यंत्रावर चढवली. कापणारी सुई खाली टेकली. खोबणीतून कापलेल्या प्लॅस्टिकचा केसासारखा काळा धागा निघून नळीत ओढला जाऊ लागला. स्पीकरवर टिंग झाली. त्याआधीच वहिनीची बोंब सुटली होती.

तबकडीवाल्याची बोटं सवयीने टेबलावर ताल धरायला गेली आणि हुकली. त्याने मान हलवून पुन्हा धरला, पुन्हा हुकला. शेवटी वैतागून त्याने दोन्ही हात मांडीखाली घेतले.

"ह्याच्यावर कुणाला काम करता यायचं नाही," तो म्हणाला.

नणंद आणि भावजयीने एकमेकींकडे पाहिलं.

"आवाज वाढवा जरा," नणंद म्हणाली.