कंबरभर पाणी

सहादूंनी ठिबकच्या नळीत ब्लेड खुपसलं आणि सरळ रेषेत आपल्याकडे ओढत आणलं. नळी उभी चिरत गेली. तिचं दुसरं टोक चैतालीच्या हातात होतं. वर्षभर वेटोळ्यात पडलेली नळी पुन्हा पुन्हा गोल व्हायला बघत होती, म्हणून ती ताणून धरायला कुणीतरी लागायचंच.

"ढील देऊ नको," सहादू लेकीला म्हणाले.

इंदिरानगरातल्या त्यांच्या रो-हाउसच्या बाजूच्या बोळात कॅटमरानच्या दोन निमुळत्या होड्या सुट्या करून ड्रमांवर पालथ्या घातल्या होत्या. सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं फायबरचं काम केलेल्या सहादूंनी निवृत्तीनंतर ही जोडनाव स्वतःच्या हातांनी बनवली होती. कॉलनीतले लोक आधी हसले, मग पोराबाळांना घेऊन फोटो काढायला आले. त्यांची बायको मालनबाई तिला सरळ ‘माझी सवत’ म्हणत.

चिरलेली नळी होडीच्या खालच्या कण्यावर बसवायची आणि रेझिनने चिकटवायची, असं काम होतं. खडक लागला तर नळी घासेल, फायबर वाचेल. ही युक्ती दिंडोरीच्या गोरक्षची. त्याची द्राक्षबाग धरणाच्या काठाला होती आणि नाव एरवी त्याच्याच शेडमध्ये राहायची. जुनी नळीही त्यानेच पाठवली होती.

पण नाव आता तिकडे परत जाणार नव्हती. उद्या सकाळी एका रिसॉर्टचा माणूस टेम्पो घेऊन येणार होता. नाव विकायचं मालनबाईंनी ठरवलं होतं. साठी उलटलेल्या माणसाचा पाय घसरतो, पायाची दोन बोटं जातात, आणि तरी नाव ठेवायची म्हणजे पुढच्या वेळी मला काय बघायला लावणार, असं त्यांचं म्हणणं होतं. जिथं जाईल तिथं तरी तिला दगड लागू नये, एवढंच पुटपुटून सहादू सकाळपासून कामाला लागले होते.

चैताली त्यांच्या उजव्या पायाकडे बघायचं टाळत होती. चपलेचा पुढचा भाग आता रिकामा दिसायचा.

धरणाचा काठ काही वाळूचा नव्हे. फेब्रुवारीपासून पाणी उतरू लागलं की काळे, धारदार खडक वर येतात, आणि जे वर येत नाहीत ते जास्त वाईट. म्हणून काठाला लागण्याचा सहादूंचा एकच नियम होता. पुढे बसलेल्याने कंबरभर पाण्यातच उतरायचं, नाव हाताने धरायची आणि सावकाश आणून भुसा भरलेल्या गोण्यांवर टेकवायची. होडीने दगड बघायचाच नाही. मागून, सुकाणूवरून ते ‘उतर’ म्हणून आवाज द्यायचे आणि चैताली उडी मारायची. ऐन थंडीतही तिने कधी कुरकूर केली नव्हती.

त्या रविवारी मात्र तिने उडी मारली नाही. दुपारी ऑफिसातल्या मनालीचा साखरपुडा होता. पुन्हा घरी येऊन कपडे बदलायला नको म्हणून ती नवा ड्रेस घालूनच नावेत बसली होती. थोडं पुढे गेलं की पोटरीपर्यंतच भिजेल, असा तिचा विचार. मागून आवाज आला, तिने तो ऐकला, आणि अजून थोडं, अजून थोडं करत बसून राहिली. वारा पाठीमागून होता. खडक दिसला तोवर पप्पा सुकाणू सोडून तिच्या बाजूने पुढे झेपावले होते आणि त्यांचा पाय होडी आणि दगडाच्या मध्ये होता. होडीवर वीतभर ओरखडा उठला, तेवढाच.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सहादू म्हणाले, घसरलो. अर्ज चैतालीनेच भरला. अपघात कसा झाला, या रकान्यात तिने वळणदार अक्षरात लिहिलं, शेवाळावर पाय घसरून. आई घाबरलीय, उद्या सांगू, असं तेव्हा वाटलं होतं. त्या उद्याला आता दोन महिने झाले होते. रोज सकाळी पप्पा भिंत धरत धरत बाथरूमकडे निघाले की ती चहाचा कप अर्धाच ठेवायची. मग ती डबा उचलायची आणि ऑफिसला निघून जायची.

सहादूंनी नळी होडीवर ठेवून लांबी बघितली. ओरखडा त्यांनी भरून, घासून गुळगुळीत केला होता. त्या जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"तुझ्या आईचं काय चुकत नाय," ते मान वर न करता म्हणाले. "माझंच ध्यान नव्हतं त्या दिवशी. मी तुला आवाजच दिला नाय."

चैतालीची पकड सैल झाली. नळीने लगेच वेटोळं घेतलं.

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. सुटका आयती समोर आली होती, आणि तीही ज्यांची बोटं गेली त्यांच्याच तोंडून. त्यांना खरंच तसं आठवत असेल, मग आता कशाला ते खोडून काढायचं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. असं मनात आलं याचीच तिला लाज वाटली. घरातून मालनबाईंचा फोनवरचा आवाज ऐकू येत होता. त्या रिसॉर्टवाल्याला पत्ता सांगत होत्या, टेम्पो गल्लीत वळेल की नाही ते समजावत होत्या.

"दिला होता तुम्ही," चैताली म्हणाली. "दोनदा. मी ऐकला पप्पा. ड्रेस भिजेल म्हणून नाही उतरले."

सहादूंनी ब्रश रेझिनच्या डब्यात बुडवला, काठावर निथळवला आणि होडीच्या कण्यावरून एका टोकापासून फिरवायला सुरुवात केली. वीतभर झालं, हातभर झालं. त्यांना ऐकू गेलं नाही की काय, असं तिला वाटलं.

"तीनदा," ते म्हणाले.

मग त्यांनी ब्रश ठेवला, तिच्या हातातलं नळीचं टोक काढून घेतलं आणि आपल्या डाव्या, धड पायाखाली घट्ट दाबून धरलं.

चैतालीने हात ओढणीला पुसले आणि ती आत गेली. मालनबाई अजून फोनवरच होत्या.

"आई," ती म्हणाली, "फोन ठेव जरा."