आख्ख्या शिंपल्यांची गॅलरी

थोरलीने नव्या गॅलरीच्या स्लॅबवर हातोडीने हलकेच ठोकलं आणि तिचं डोकंच फिरलं. आवाज पोकळ आला.

"आख्खे शिंपले घातलेस?"

खाली टेकूंपाशी उभा असलेला धाकटा भाऊ मान वर करेना. या भावंडांचा धंदाच तो. हॉटेलांनी टाकून दिलेले शिंपले आणायचे, उकळून धुवायचे, यंत्रात फोडायचे आणि निम्म्या खडीऐवजी काँक्रीटमध्ये घालायचे. आख्खा शिंपला वाटीसारखा पालथा पडतो, पोटात हवा धरून बसतो, सिमेंट आत शिरत नाही. हे तर धाकट्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

पण स्लॅब घातला तेव्हा थोरली हॉस्पिटलात आईच्या उशाशी होती, आणि इकडे याला रान मोकळं. डॉक्टरांनी हात टेकले होते. उरलेले दिवस आईला घरीच काढायचे होते, तेही गॅलरीत बसून. संध्याकाळी ती येणार होती.

"घण आण," थोरली म्हणाली.

"ताई, नवा स्लॅब पक्का व्हायला महिना लागेल. आईकडे महिना कुठाय?"

"म्हणून काय खुर्चीसकट खाली पाडू तिला?"

तिने पदर खोचला आणि घण घातला. शिंपले सुटे होऊन गुळगुळीत बाहेर आले. काहींच्या आत अजून मांस चिकटलेलं होतं, घाण वास सुटला. धुवायचेही कष्ट नकोत या शहाण्याला. तिने त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या. त्या आपल्याही आहेत हे तिच्या ध्यानात आलं, पण तोंड थांबलं नाही.

संध्याकाळी आईने दारातून उघड्या पडलेल्या सळया बघितल्या.

"कोणी फोडली?"

"मी."

"आख्खे घाल, असं मीच त्याला फोनवर सांगितलं होतं. जन्मभर शिंपले सोलून बोटं फाडून घेतली. म्हटलं, एकदा त्यांच्यावर पाय पसरून बसावं."

थोरलीच्या अंगाची लाहीलाही झाली. "रात्रंदिवस मी तुझ्याजवळ. मला का नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

"मग. तो बिचारा हो म्हणाला."

हो म्हणायला त्याच्या बापाचं काय जातंय, थोरलीच्या मनात आलं. या घरात हो म्हणून लाडका व्हायचं त्याने, आणि वाईटपणा घ्यायला आहेच मी. तिने खुर्ची दारात ओढली, आईला बसवलं, पाय शालीत गुंडाळले, आणि तरातरा अंगणात उतरून नव्या स्लॅबच्या शिंपल्यांसाठी पाणी उकळायला ठेवलं.

"राहू दे गं," आई वरून म्हणाली. "आता माझ्यासाठी नको करूस."

"तुझ्यासाठी कोण करतंय," थोरली खेकसली, आणि तिने पहिली पाटी पाण्यात ओतली.