आईची एकच घडी

"कान इकडे कर गं, सूर तिकडे पळतोय," असं म्हणत आई माझी मान हलकेच वळवायची. कपडे वाळत घालताना गायची. तोंडात चिमटा असला तर नुसतं गुणगुणायची.

मामाच्या लेखी तो घसा खरवडण्याचा उद्योग होता. बहिणीचं नाव झालं, सभागृहं भरू लागली, तरी हा एकदाही तिकडे फिरकला नाही. ती गेली, तिच्या इच्छेप्रमाणे तिचा मेंदू आमच्या शरीररचना विभागात आला, आणि विभागप्रमुख असलेल्या मामाला बहिणीचा उमाळा आला.

फॉर्मालिनच्या बादलीत दोन मेंदू दोऱ्यांनी टांगले होते, एक आईचा, दुसरा आणखी कुणा देहदात्याचा. नावांच्या चिठ्ठ्या सुटून तळाशी गेल्या, शाई विरघळली. मामाने दोन्ही मेंदूंची कानशिलामागची खाच उघडली. आत, आवाज पहिल्यांदा जिथे पोचतो, तिथे एक आडवी घडी असते. एका मेंदूत ती दुहेरी निघाली. "गाणारीचा हाच," मामाने ठरवून टाकलं. अशी दुहेरी घडी बेसुऱ्यांच्या डोक्यातही सर्रास सापडते, हे मला वर्गात शिकवणारा हाच शहाणा. दुसरा मेंदू समारंभाच्या दुसऱ्या दिवशी भट्टीत टाका, असंही सांगून मोकळा झाला.

आईच्या आजारपणात तिच्या मेंदूची चित्रं मी तपासणीच्या पडद्यावर पाहिली होती. दोन्ही बाजूंना घडी एकच, साधी. पण याच विभागात मी शिकवते. साहेबांना खोटं पाडायची छाती होईना.

आज 'गाणारीचा' मेंदू विभागात मांडायच्या समारंभाला पाहुणे जमले. मामाने नवा कोट चढवला होता, केसांना कलपही लावला होता. तो दुहेरी घडीचा मेंदू ठेवलेल्या काचेच्या बरणीवर बोटं फिरवत तो आमच्या घराण्याच्या रक्तातल्या सुरांबद्दल सांगू लागला. स्वतःला टाळ्यासुद्धा ठेक्यात वाजवता येत नाहीत, आणि रक्तातले सूर म्हणे. पाहुणे माना डोलावत होते. एकाने तर डोळे टिपले.

"माझी ताई," मामा बरणीला म्हणाला.

इथे मी त्याला नेहमी सर म्हणते.

"मामा," मी म्हणाले, "ही आई नाही. आई त्या कोपऱ्यातल्या बादलीत आहे, जिला तू उद्या जाळणार आहेस. तिची घडी एकच होती. बाकीचं सगळं तिने गाऊन मिळवलं, आणि तू ते कधी ऐकलंच नाहीस."