माता नव्हती ती

माझ्या लेकीचं, सुनीतीचं लग्न झालं, त्याच वर्षी रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं. लग्नाला आठ दिवस उरले होते तेव्हा माझा मुलगा शिशिर जंगलातून झाडांची मोजणी करून पुरानी बस्तीतल्या घरी आला. वनखात्यात नोकरी होती त्याची. अंगणात बसून त्यानं पायजमा वर सारला. पोटऱ्यांना गोचिड्या चिकटल्या होत्या.

"आई, वऱ्हाडी घेऊन आलो."

"बसव मग पंगतीले," मी म्हटलं.

हसत हसत मी त्या उपटल्या. एक कानामागे राहून गेली. सून इरावतीला ती तिसऱ्या दिवशी सापडली, रक्त पिऊन वाटाण्याएवढी झालेली.

सुनीती सासरी गेली आणि दुसऱ्या दिवशी शिशिरला ताप चढला. डोकं फुटतंय म्हणे. तिसऱ्या दिवशी मनगटांवर, घोट्यांवर लाल पुरळ उठलं. मी दाराला कडुनिंब बांधला. माता आली, म्हणजे कांजिण्या उठल्या, की घरात फोडणी पडत नाही, औषध येत नाही. तीन मुलांची माता मी अशीच उतरवली होती. घरात माझा शब्द चालायचा.

इरावतीनं त्याचे हात उलटे करून दाखवले. "आई, पाहा ना. तळहातावर पण आहे. अन् फोडात पाणी कुठं भरून राहिलं? दवाखान्यात नेऊ."

"काहून? तू माझ्यापेक्षा जास्त माता पाहिल्या का?"

"कानामागं गोचीड होती तिथं काळी खपली धरली आहे."

"मातेले कोपवशील, पोट्टी. बस गुमान."

ती बसली. पुरळ उठल्यापासून पाचव्या दिवशी माता उतरते, म्हणून मी वाट पाहिली. पाचव्या दिवशी ठिपके जांभळे झाले. शिशिर माझ्याकडे बघत म्हणाला, "साहेब, सालईची झाडं बेचाळीस, धावड्याची सतरा."

इरावतीनं मला विचारलं नाही. रिक्षा आणली.

डॉक्टरांनी खपली पाहिली. "जंगल गए थे? कितने दिन से बुखार है?"

"सात," इरावती म्हणाली.

"गोचिडीचा ताप आहे. साध्या गोळ्यांनी उतरतो, अम्मा. पहले दिन क्यों नहीं लाए?"

इरावती माझ्याकडे बघत राहिली.

९ डिसेंबर २००० रोजी, शनिवारी दुपारी, शिशिर वारला. एकतीस वर्षांचा होता.